रानातला मुक्काम आणि आरावरचा पानगा

बालमित्रांनो,

मागच्या शनिवारी चौथीच्या वर्गात एकाने मला विचारले, "गुरुजी, जंगलात एकट्याने राहता येते का? आपणच आग पेटवायची, आपणच रांधायचे?" मी उत्तर देऊ लागलो तोच घंटा झाली. राहिलेले उत्तर येथे लिहितो. सावकाश वाचा.

दूर उत्तरेला स्वीडन, फिनलंड असे देश आहेत. तेथे पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांची आणि भूर्जाची मोठी जंगले आहेत. तेथील माणसे एकटीच रानात मुक्काम करतात. भूर्जाच्या सालीत तेलकट अंश असतो, म्हणून ती ओली असली तरी पेट घेते. आपल्याकडे भूर्ज नाही, पण सालईचा डिंक आहे. तोही चटकन पेटतो. साग, ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, पळस ही आपली झाडे. प्रत्येकाचा गुण निराळा.

माझी एक रात्र

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. कार्तिक महिना होता. धान कापून झाला होता आणि बांधीत पुंजणे रचले होते. शेताला लागूनच रान. रात्री रानडुकरे येत, म्हणून जागलीला जावे लागे. बाबांना हिवताप आला होता. मी म्हणालो, "मी जातो." आई नको म्हणत होती. आजोबांनी मात्र जाऊ दिले.

खोपडीपुढे मी तीन दगड मांडले. आईने तांदळाचे पीठ, मीठ आणि दोन मिरच्या बांधून दिल्या होत्या. पीठ कोमट पाण्यात घट्ट मळले, पळसाच्या दोन पानांमध्ये थापले आणि निखाऱ्यावर ठेवले. वरूनही थोडे निखारे घातले. पान करपले तेव्हा पानगा उलटला. आत तो वाफेवर शिजला होता. पळसाचा वास लागलेला तो पानगा मी मिरचीशी खाल्ला. त्या रात्री मला मी फार मोठा झालो असे वाटले.

पहाटे थंडी वाढली. आगीवर राख दिसत होती. आग विझली असे समजून मी बोडीवर तोंड धुवायला गेलो. वारा सुटला. परत येतो तर खोपडीच्या तणसाने पेट घेतलेला! तेथून दहा पावलांवर आमचे वर्षाचे धान्य, पुंजणे उभे होते. मी ओरडलो. शेजारच्या बांधीतले दोघे धावत आले. बोडीचे पाणी, ओल्या फांद्या, माती, जे हाती लागले ते टाकले. खोपडी गेली, पुंजणे वाचले. माझा उजवा तळहात भाजला.

आजोबा आले. रागावले नाहीत. राखेजवळ बसून एवढेच म्हणाले, "पोरा, आग इझली का नाई ते डोळ्यानं नोको पाहू. हातानं पाय."

असे का झाले?

आग जळायला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. तिन्हींपैकी एक काढली की आग विझते. राख म्हणजे निखाऱ्याचे पांघरूण. तिच्याखाली निखारा कित्येक तास गरम राहतो. वाऱ्याने राख उडाली की त्याला हवा मिळते आणि तो पुन्हा फुलतो. मी राख पाहिली, निखारा पाहिला नाही.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. आगीची जागा मोकळी हवी. पालापाचोळा झाडून माती उघडी करावी. तणस, गवत जवळ नको.

२. चुलीला नदी-नाल्यातले ओले दगड घेऊ नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो.

३. दोन्ही बाजूंनी पेर बंद असलेला बांबू आगीत टाकू नये. आतली हवा तापून फुगते आणि बार झाल्यासारखा तो फुटतो.

४. बिब्ब्याचे लाकूड जाळू नये. त्याच्या धुराने अंग सुजते. कण्हेरीची काडी तर भाजी ढवळायलासुद्धा घेऊ नये. ती विषारी आहे.

५. विझवताना पाणी घालावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी घालावे. मग हात राखेवर धरावा. ऊब लागली नाही, तर बोट लावून पाहावे. गार लागली तरच उठावे.

मग एकट्याने जावे का?

नाही, मित्रांनो. माझ्या लहानपणीची ती चूक तुम्ही करू नका.

आपल्या तालुक्यात नवेगावबांध आहे. तेथील मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. त्याभोवतीचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. २०२३ साली तर दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. हे रान त्यांचे घर आहे. राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. थोर वनाभ्यासक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. पक्षी, झाडे, तलाव पाहत, गावच्या जाणत्या माणसांना विचारत ते रान शिकले. आपणही तसेच शिकावे.

चैत्रात मोहफुले वेचायला तुमच्यापैकी पुष्कळजण पहाटे जातात. अस्वलालाही मोह आवडतो. तेव्हा चारचौघांनी मिळून, बोलत, काठी आपटत जावे. आणि एक विनंती. फुले नीट दिसावीत म्हणून काहीजण झाडाखालचा पाला जाळतात. तीच आग वाऱ्याने पसरते, तिचा वणवा होतो. जमिनीवरची अंडी, पिले, कोवळी रोपे जळून जातात. पाला झाडूने लोटावा, किंवा जुने लुगडे अंथरावे. फुले स्वच्छही मिळतात. घरी हे सांगा. तुमचे ऐकतील.

करून पाहा (मोठ्या माणसासमोरच)

पळसाच्या एकाच अखंड पानाचा द्रोण करा. त्यात पाणी भरून घरच्या चुलीतल्या निखाऱ्यावर धरा. पाण्याच्या वरची कड जळेल, पण पाणी असेल तेथे पान जळणार नाही. असे का? पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि पानाची उष्णता घेऊन वाफ होऊन जाते. म्हणून पान त्याहून फार तापत नाही.

प्रश्न

१. राखेखाली निखारा जिवंत का राहतो?
२. पाणी, माती आणि ओली फांदी यांनी आग विझते. प्रत्येक वेळी तिन्हींपैकी कोणती गोष्ट कमी होते?
३. तुमच्या घरी रात्री चूल कोण विझवते? ती खरोखर विझली हे ते कसे पाहतात? विचारून लिहा.

उत्तरे वहीत लिहून सोमवारी आणा. माझ्या तळहातावरचा डाग ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.

तुमचे गुरुजी