मुलांनी लिहून ठेवलेल्या गोष्टी



शेजारचे चित्र पाहिलेत ना? नदीकाठी जाळ पेटला आहे, त्यावर मोठा मासा भाजतो आहे आणि एक मुलगा अंगठा तोंडात घालून बसला आहे. ही गोष्ट आयर्लंडची. आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेचे एक हिरवेगार बेट.

तिथल्या बॉइन नदीत एक मासा होता. जो त्याला पहिल्यांदा चाखेल त्याला जगातले सारे ज्ञान मिळणार! फिनेगस नावाच्या कवीने सात वर्षे खटपट करून तो पकडला. आपला शिष्य फिन याला तो म्हणाला, "नीट भाज, पण चाखू नकोस हं!" फिनने आज्ञा पाळली. पण भाजताना अंगठ्याला चटका बसला आणि त्याने पटकन अंगठा तोंडात घातला. झाले! ज्ञान त्यालाच मिळाले. गुरूने मग सगळा मासा त्यालाच खायला दिला. पुढे फिन मोठा वीर झाला.

फिनच्या काही गोष्टी जुन्या पोथ्यांत आहेत. पण पुष्कळशा गोष्टी नुसत्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होत्या. थंडीच्या रात्री जाळाभोवती बसून ती सांगायची आणि पोरे ऐकायची. १८४५ साली तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देश सोडून गेली. गोष्टी सांगणारे गेले, आयरिश भाषा बोलणारेही कमी झाले. राहिलेल्या म्हाताऱ्यांबरोबर गोष्टीही जाणार, अशी वेळ आली.

मग १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या शाळांनी एक छान काम केले. निबंधाच्या तासासाठी मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायचे आणि वहीत लिहायचे. गोष्टी, गाणी, कोडी, म्हणी, खेळ, घरगुती औषधे, सगळे काही! सुमारे पाच हजार शाळांतली पन्नास हजार मुले यात होती. बहुतेक ११ ते १४ वर्षांची, म्हणजे आपल्याच बरोबरीची. त्या वह्या आजही डब्लिन शहरातल्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत. विद्वान लोक त्या अभ्यासतात.

बघा, मोठ्यांनी सांगितले आणि मुलांनी लिहिले, म्हणून त्या गोष्टी उरल्या.

आपल्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात का? गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. ओव्या कुठे जातील? पालकहो, मुलांनी विचारले तर "आता कशाला ते" म्हणू नका. दोन घटका बसा आणि सांगा.

स्वाध्याय :
१) फिनने अंगठा तोंडात का घातला?
२) घरातल्या सर्वांत वडील माणसाला एक गोष्ट विचारा. त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. खाली त्यांचे नाव घालायला विसरू नका.