मरणास साह्य कीं मरतांना साह्य?

मरण कोणासही चुकलें नाहीं, हें सत्य आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु तें केव्हां व कोणत्या रीतीनें यावें यांत मनुष्याच्या इच्छेस कांहीं वाव असावा कीं नसावा, हा वाद मात्र वैद्यकशास्त्राच्या प्रगतीनेंच तीव्र केला आहे. पूर्वीं ज्या दुखण्यांत चार दिवसांत शेवट होत असे, त्याच दुखण्यांत आज श्वसनयंत्र व नळीवाटे दिलेलें अन्न यांच्या बळावर देह वर्षानुवर्षें टिकूं शकतो. हें वरदान खरें. पण ज्याच्या वांट्यास तें आलें त्यास विचारलें असतां तो त्यास वरदान म्हणेल काय? येथूनच या विषयास आरंभ होतो.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट ठरविला पाहिजे. कारण या वादांतील अर्धा गोंधळ शब्दांचाच आहे. येथें तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निष्फळ ठरलेले उपचार थांबवून रोगास आपल्या मार्गानें जाऊं देणें, ही पहिली. डॉक्टरनें प्राणघातक औषध लिहून द्यावें व रोग्यानें तें स्वतःच्या हातानें घ्यावें, ही दुसरी. डॉक्टरनें स्वतः औषध टोचून मरण आणावें, ही तिसरी. अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत दुसरी गोष्ट १९९७ पासून कायदेशीर आहे. नेदरलंड्समध्यें २००२ पासून दुसरी व तिसरी या दोन्ही गोष्टींस कायद्याची संमति आहे. आपल्या देशांत केवळ पहिलीस, तीही कांहीं अटींवर, मोकळीक आहे. बाकीच्या दोन्ही येथें गुन्हाच होत.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरीं पोंचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळें. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत परिचारिका असलेल्या या तरुणीवर १९७३ च्या नोव्हेंबरांत तेथल्याच एका सफाई कामगारानें अत्याचार केला. साखळीनें गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस अपाय झाला व त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजीं न्युमोनियानें त्यांचा अंत झाला, तोंवर, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षें, त्याच रुग्णालयांतील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनीं त्यांची शुश्रूषा केली. २००९ सालीं लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला कीं, या देहास बळेंच अन्न देणें थांबवावें व त्यास शांतपणें जाऊं द्यावें. परिचारिकांनीं त्यास कळकळीनें विरोध केला. ज्यांना आम्ही इतकीं वर्षें सांभाळलें त्यांना उपाशी मरूं कसें द्यावें, असा त्यांचा सवाल होता.

७ मार्च २०११ रोजीं न्यायमूर्ति मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांनीं हा अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालांत त्यांनीं, अशा स्थितींतील रोग्याचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीनें थांबवितां येतील, असेंही सांगितलें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. लेखिकेचा हेतु दयेचा होता आणि परिचारिकांचाही दयेचाच होता. परंतु अरुणाबाईंनीं स्वतः काय मागितलें असतें, हें मात्र कोणासच सांगतां येईना. दयामरणाच्या कायद्यांत पुढें जीं जीं कुंपणें घातलीं गेलीं, तीं बहुतेक याच एका प्रश्नाभोंवतीं आहेत: ही इच्छा खरोखर कोणाची?

पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ठरविलें कीं, शुद्धीवर असलेल्या सज्ञान मनुष्यास आपल्या अखेरच्या उपचारांविषयीं आगाऊ इच्छापत्र, ज्यास लिव्हिंग विल म्हणतात, करून ठेवतां येईल. त्या वेळीं घातलेल्या अटी इतक्या जाचक होत्या कीं, त्यांतून पार पडणें सामान्य कुटुंबास दुर्घट होतें. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजीं त्या सुलभ करण्यांत आल्या. आतां इच्छापत्रावर दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची साक्ष पुरे होते. उपचार थांबविण्यापूर्वीं रुग्णालयांतील तीन डॉक्टरांच्या मंडळानें मत द्यावयाचें, नंतर दुसऱ्या स्वतंत्र मंडळानें तें पडताळावयाचें, व शेवटीं मॅजिस्ट्रेटास कळवावयाचें, असा क्रम आहे. इच्छापत्र केव्हांही मागें घेतां येतें, ही त्यांतील फार मोलाची सोय होय.

ऑरेगॉनमधील कुंपणें याहून निराळीं आहेत. तेथें रोगी सज्ञान असावा लागतो. सहा महिन्यांच्या आंत मृत्यु येईल असें दोन डॉक्टरांनीं सांगावें लागतें. लेखी अर्जावर दोन साक्षी लागतात, व त्यांपैकीं निदान एक नातलग किंवा वारस नसावा लागतो. या मार्गाच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें हलकें लेखण्यासारखें नाहीं. ज्याचे दिवस भरत आले आहेत, ज्याची बुद्धि शाबूत आहे, आणि ज्याचा क्षण न् क्षण यातनांत जात आहे, त्यास "अजून थोडें सोस" असें सांगण्याचा अधिकार आम्हां निरोगी माणसांस कोणी दिला, असें ते विचारतात. या प्रश्नास तुच्छतेनें उत्तर देणारानें असा रोगी जवळून पाहिला नसावा.

तथापि कागदाची मर्यादाही ओळखली पाहिजे. सही खरी कीं खोटी हें साक्षीदारास सांगतां येतें. सही करणाराच्या मनावरचा भार त्यास दिसत नाहीं. ऑरेगॉन सरकारच्या वार्षिक अहवालांत, असें औषध मागणाऱ्यांच्या कारणांत वेदनेपेक्षां परावलंबनाची भीति अधिक वेळां आढळते, आणि आपण घरच्यांस ओझें होऊं ही भावनाही पुष्कळांनीं बोलून दाखविली आहे. औषधपाण्यानें घर कर्जांत बुडत असतां म्हातारा बाप "मला आतां सोडवा" म्हणाला, तर ती त्याची इच्छा कीं त्याची लाज?

नेदरलंड्समधील एक प्रकरण याहून अवघड आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या एका वृद्ध बाईनें, बुद्धि ठिकाणावर असतां, मरणाची मागणी लिहून ठेवली होती. २०१६ सालीं तिच्या कॉफींत गुंगीचें औषध घालून डॉक्टरनें ती मागणी पुरी केली. त्या वेळीं बाई अंग मागें घेऊं लागली व नातलगांनीं तिला धरलें. २०१९ सालीं न्यायालयानें डॉक्टरास निर्दोष ठरविलें. कायद्यानें उत्तर दिलें खरें. पण जिनें कागद लिहिला ती, कीं जिनें अंग मागें घेतलें ती, या दोघींपैकीं कोणाचें ऐकावयाचें, ही शंका मनांतून जात नाहीं.

जीवन ही ईश्वराची ठेव आहे असें मानणाऱ्यांनींही, ती ठेव यंत्रांच्या साह्यानें ओढून धरावी असें म्हटलेलें नाहीं. बाराव्या पायस पोपनीं १९५७ सालींच डॉक्टरांस सांगितलें होतें कीं, असाधारण उपाय करीत राहण्याचें बंधन मनुष्यावर नाहीं. जीव घेणें निराळें आणि जाणाऱ्यास अडवून न धरणें निराळें, हा त्यांतील भेद होय.

आमच्या मतें सर्वांत भक्कम कुंपण कागदावर नसून खाटेपाशीं आहे. सिसिली सॉन्डर्स या बाई आधीं परिचारिका होत्या, मागाहून डॉक्टर झाल्या. १९६७ सालीं त्यांनीं लंडन येथें सेंट ख्रिस्तोफर नांवाचा आश्रम काढून, बऱ्या न होणाऱ्या रोग्याचीही वेदना काबूंत ठेवतां येते, हें जगास दाखविलें. आपल्याकडे १९८६ सालीं मुंबईंत वांद्र्यास शांति आवेदना सदन स्थापन झालें. परंतु वेदनाशामक मॉर्फिन १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यामुळें रोग्यांस दुर्मिळ झालें होतें. तो कायदा २०१४ सालीं सुधारला, तरी गांवोगांवचा रोगी अजून त्या औषधापासून दूरच आहे. ज्यास वेदनेवर औषध मिळालें नाहीं, ज्याच्याशीं कोणी दोन शब्द बोललें नाहीं, त्यानें मरण मागितलें तर तो मोकळ्या मनानें निवड करीत आहे असें म्हणतां येणार नाहीं. कारण त्याच्यापुढें दुसरा मार्गच ठेवलेला नाहीं. आधीं तो मार्ग ठेवावा. मग त्याच्या इच्छेचा विचार करावा.

कायदे करणें आमच्या विद्यार्थी वाचकांच्या हातीं आज नाहीं. परंतु घरांतील वृद्ध मनुष्य "आतां पुरे झालें" असें म्हणाला, तर तें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये व त्याबद्दल त्यास रागेंही भरूं नये. जवळ बसून विचारावें: काय दुखतें? कशाची भीति वाटते? शेवटीं काय व्हावें असें वाटतें? त्यानें सांगितलेलें घरच्यांस कळवावें, व त्याची इच्छा असल्यास वेळींच लिहून ठेवण्यास साह्य करावें. अरुणाबाईंस हा प्रश्न विचारण्याची वेळ कोणास मिळालीच नाहीं. आपल्या घरीं ती अजून आहे.