पिकअपच्या हौद्यातली पेटी: पत्र्याची की ॲल्युमिनियमची?

प्रश्न: माझं विहिरी-बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं काम आहे. बोलेरो पिकअपच्या हौद्यात अवजारांसाठी कायमची पेटी बसवायची आहे. दुकानदार म्हणतो, ॲल्युमिनियमची नक्षीदार पेटी घ्या, गंजणार नाही आणि पाण्याचा थेंब आत जाणार नाही. आमचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो, त्याहून स्वस्तात पत्र्याची करून देतो. व्हिडिओत पाहिलं तर पेटी हौद्याच्या दोन्ही कडांवर आडवी टाकलेली असते आणि खालून लांब सामान जातं. तशी आपल्याकडे बसेल का? आणखी एक. सध्याच्या पेटीचं झाकण घट्ट बसतं, तरी पावसाळ्यात पाने गंजतात. पाणी येतं कुठून?
— एक वाचक, ता. फलटण

उत्तर: दुकानदार आणि फॅब्रिकेशनवाला ज्यावरून हमरीतुमरीवर आले आहेत, तो मुद्दा खरं तर सगळ्यात शेवटचा आहे. आधी पेटी कुठे बसणार, मग ती कशी धरून राहणार, मग पावसाचं काय, आणि एवढं ठरलं की धातू. त्याच क्रमानं जाऊ.

व्हिडिओतली पेटी आधी बाजूला ठेवू. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथल्या पिकअपच्या हौद्याच्या दोन्ही बाजू पक्क्या असतात आणि उघडतो तो फक्त मागचा दरवाजा. त्यामुळे बाजूच्या कडांवर आडवी पेटी टाकली तरी काही अडत नाही. आपल्याकडे इसुझूच्या व्ही-क्रॉससारख्या गाडीचा हौदा त्या जातीचा आहे. तिला तशी पेटी चालेल. तुमच्या बोलेरोला मात्र तीन बाजूंनी खाली पडणारे फाळके आहेत. फाळका दोन-चार बिजागऱ्यांवर आणि खिट्ट्यांवर उभा असतो. त्याचं काम माल घसरू न देणं. भार डोक्यावर घेणं नव्हे. त्यावर पेटी टेकवली तर बिजागऱ्या वाकतील आणि बाजूचा फाळका उघडायची सोय कायमची जाईल. म्हणजे आपल्या पिकअपमध्ये पेटी हौद्याच्या तळावर, केबिनच्या मागच्या जाळीजवळच बसली पाहिजे.

पण मग १० फुटी कॉलम पाईप कुठून जाणार? यासाठी पेटी हौद्याच्या पूर्ण रुंदीची करू नका. हौदा साधारण साडेपाच फूट रुंद असेल तर पेटी साडेचार फूट करा आणि ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला फूटभर गल्ली सोडा. पाईप त्या गल्लीतून थेट केबिनच्या जाळीपर्यंत जातात आणि मागे लोंबणारी लांबी कमी होते. पेटीचं झाकण मागे, हौद्याच्या दिशेनं उघडेल असं करू नका. पाठीमागे मोटार ठेवलेली असली की झाकण उघडतच नाही. बिजागरी केबिनच्या बाजूला ठेवा, म्हणजे झाकण जाळीकडे उभं राहील. त्यासाठी पेटी आणि जाळी यांच्यात चार बोटं जागा सोडावी लागते. ही चार बोटं अनेक जण विसरतात आणि मग झाकण अर्धवट उघडून, डोक्यानं पेलत पाना शोधत बसतात.

केबिनच्या बाजूलाच का, मागे फाळक्याजवळ का नको? मागे असली तर काढ-घाल सोपी, हे खरं. पण मागच्या चाकांच्याही मागे पडलेलं वजन गाडीची शेपटी दाबतं आणि पुढची चाकं हलकी करतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं, वळणावर पकड कमी होते. चाकांच्या पुढे, केबिनजवळ ठेवलेलं वजन पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत वाटलं जातं. शिवाय जोरात ब्रेक मारला की पेटी पुढे सरकू पाहते. कोरड्या डांबरी रस्त्यावरच्या कचकचीत ब्रेकला हा जोर पेटीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असतो. पुढे जाळी असेल तर बोल्ट सुटले तरी ती पेटीला अडवते.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, म्हणून थोडा हिशेब करू. साडेचार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत सुमारे २८५ लिटर जागा होते. लोखंड लिटरला पावणेआठ किलोच्या पुढे भरतं. पेटीचा नुसता दहावा भाग भरीव लोखंडानं व्यापला, तरी सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन झालं. चेन-पुली, पाईप पाने, क्लॅम्प आणि केबलची वेटोळी मिळून एवढं सहज होतं. हे वजन गाडीत कायम राहणार, डिझेल कायम खाणार. पाहुण्याचा कांदा मार्केटला नेताना ते गाडीच्या १.३ किंवा १.७ टनांच्या भारक्षमतेतून वजा करावं लागतं. आरसी बुकावर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही असतात. फरक काढा आणि त्यातून माणसं, पेटी, अवजारं वजा करा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये असा आहे.

आता पेटी धरून ठेवण्याचं. चोरी म्हटली की लोक मोठ्ठं कुलूप आणतात. पेटी नुसती ठेवलेली असेल तर दोन माणसं ती कुलपासकट उचलतात. भरलेली जड असते हे खरं, पण रिकामी केव्हा असते हे चोराला आपल्यापेक्षा बरं ठाऊक असतं. बोल्ट पेटीच्या आतून खाली काढा, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय ते सुटणार नाहीत. हौद्याच्या खालच्या बाजूला नटाला नुसता वायसर न लावता हातभर लोखंडी पट्टी लावा. नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी भोक मोठं होतं आणि पत्रा फाटतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. ब्रेकची नळी, वायरिंग आणि डिझेलची टाकी तिथेच असतात. भोकं हौद्याच्या आडव्या चॅनलजवळ पाडा, चासीला हात लावू नका, आणि पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग लावायला विसरू नका. कुलूप बाहेर लोंबणारं असेल तर ते कटरनं कापता येतं. आत बसलेलं किंवा पत्र्याच्या खोबणीत लपलेलं बरं. साडेचार फुटी झाकणाला मधे एकच कुलूप असेल तर टोकाला पहार घालून ते वाकवता येतं, म्हणून दोन टोकांना दोन.

पाने का गंजतात हे कोडं मला सगळ्यात आवडलं, कारण इथे दोष झाकणाच्या ढिलेपणाचा नाही, घट्टपणाचा आहे. जूनमधली दुपार घ्या. ऊन आहे, पेटी तापून आतली हवा ६० अंशांवर गेली आहे. अचानक सर आली आणि हवा २५ अंशांवर आली. थंड झालेली हवा आक्रसते. एवढ्या फरकाला ती साधारण दहा टक्के कमी होते. २८५ लिटरच्या पेटीत सुमारे ३० लिटर हवेची तूट पडली. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यावर घट्ट झाकण ठेवलं की गार होताना ते चिकटून बसतं, तोच प्रकार. पेटी ही तूट बाहेरून ओढून भरते, आणि त्या क्षणी झाकणाच्या रबरी पट्टीच्या कडेला पावसाचं पाणी साचलेलं असतं. ते आत ओढलं जातं. शिवाय तुम्ही ओला दोर, ओलं पोतं, विहिरीतून काढलेला क्लॅम्प आत टाकून झाकण लावता. ती ओल बाहेर जात नाही. रात्री गार पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि पान्यांवर टपकतात.

म्हणजे पेटीला श्वास घेऊ द्यायला हवा. झाकणाची कड पेटीच्या भिंतीवरून खाली दोन बोटं आलेली असावी, म्हणजे वरचं पाणी थेट बाहेर निथळेल. त्या कडेच्या आड, दोन्ही आखूड बाजूंना जाळी लावलेली छोटी भोकं ठेवा. तिथून हवा ये-जा करते, पाऊस जात नाही. तळाच्या चार कोपऱ्यांत पेन्सिलीएवढी भोकं पाडा आणि तळावर लाकडी पट्ट्या किंवा रबरी जाळी टाकून अवजारं तिच्यावर ठेवा. दुकानदार आयपी ६५, आयपी ६७ असे आकडे दाखवेल. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा: ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकते, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आतल्या ओलीबद्दल हे आकडे चकार शब्द बोलत नाहीत.

उरला धातू. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं असतं, पण तेवढंच मऊही. ते जवळजवळ तिप्पट सहज वाकतं. म्हणून त्याचा पत्रा जाड घ्यावा लागतो. वर सांगितलेल्या मापाची पेटी १६ गेजच्या, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याची केली तर साधारण ३७ किलो भरते. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची सुमारे २४ किलो. फरक तेरा किलोंचा. सव्वादोनशे किलोंच्या अवजारांपुढे तेरा किलोंसाठी जादा पैसे मोजायचे का, हे तुम्हीच ठरवा. गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा जाड, असंही काही जण समजतात. उलट आहे: १४ गेज १६ पेक्षा जाड, १८ गेज पातळ.

वरच्या नक्षीनं पेटी भक्कम होते, हाही गैरसमज. ती नक्षी पाय घसरू नये म्हणून असते, आणि ओरखडे तिच्यात लपतात हा तिचा वरकड फायदा. पेटीवर उभं राहून झाडाची फांदी बाजूला करायची असेल तर नक्षी कामाची. पहार लागल्यावर भक्कमपणा जाडीच देते.

ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणजे त्यावर लाल तांब चढत नाही, एवढंच. ते लोखंडी हौद्याला थेट टेकलं आणि मधे खारट ओल राहिली, तर ॲल्युमिनियमच झिजतं आणि बोल्टाभोवती पांढरी भुकटी जमते. मधे रबर आणि बोल्टाला प्लास्टिकचे वायसर घातले की हे टळतं. रत्नागिरी-मालवणकडची मासळी वाहणारी गाडी असती तर मी अशी काळजी घेऊन ॲल्युमिनियमच सुचवलं असतं, कारण तिथे साधा पत्रा फार दिवस तगत नाही. प्लास्टिकच्या पेट्या हलक्या आणि न गंजणाऱ्या असतात, पण उन्हानं ठिसूळ होतात. शिवाय ब्लेडनं किंवा तापलेल्या सळईनं त्या उघडता येतात. रोपं, औषधं, दोर ठेवायला ठीक, चेन-पुलीला नको.

रंगाबद्दल एक वेगळी गोष्ट. चकचकीत ॲल्युमिनियम उन्हात गार राहतं असं वाटतं. ते ऊन परतवतं खरं, पण जी उष्णता घेतं ती बाहेर टाकण्यात कंजूष असतं. पांढरा रंग दिलेला साधा पत्रा त्याच्यापेक्षा कमी तापतो. कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या तर कुठल्याच तापलेल्या पेटीत ठेवू नका. त्या केबिनमध्ये सीटखाली, सावलीत. आणि गॅसची छोटी टाकी नेत असाल तर ती बंद पेटीत मुळीच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पेटीच्या तळाशी साचतो, आणि मग एक ठिणगी पुरते. टाकी उघड्या हौद्यात उभी बांधा.

तेव्हा फलटणच्या हवेत आणि तुमच्या कामासाठी माझं मत फॅब्रिकेशनवाल्याच्या बाजूनं. त्याला १६ गेजचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सांगा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे जस्ताचा रंग आणि वरून सगळीकडे पांढरा रंग मारून घ्या. सध्याची पेटी धड असेल तर आधी तिलाच कड, जाळी आणि तळाची भोकं करून एक पावसाळा काढून बघा. कदाचित नवीन लागणारही नाही. नवीनच करायची झाली, तर माप द्यायला जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फाळके पाडा, हौद्यात पाईप टाका, आणि मगच टेप लावा.