विषाणूची वाट आणि अफवेची वाट
(तृतीय वर्ष, कला)

एखादा रोग कसा पसरतो हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे, अशी आपली समजूत असते आणि ती बरोबरही आहे. परंतु त्या प्रश्नाला समाज जे उत्तर देतो, ते वैद्यकशास्त्रापुरते राहत नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाला शेजारी बसू द्यावे, कोणाला कामावर ठेवावे, हे सारे त्या उत्तरावरून ठरू लागते. एच. आय. व्ही. या विषाणूच्या बाबतीत गेली चाळीस वर्षे हेच घडत आले आहे. प्रस्तुत लेखात या विषाणूचा प्रसार कसा होतो आणि कसा होत नाही, याचा विचार करावयाचा आहे. त्यातही ‘कसा होत नाही’ या भागावर मी अधिक भर देणार आहे. कारण माझ्या पाहण्यात घोटाळा तेथेच अधिक होतो.

या अभ्यासाला निमित्त झाले ते वसतिगृहातील एका वादाचे. आमच्या मजल्यावर रात्रीच्या जेवणानंतर चौघे-पाचजण मिळून मोबाइलवर लढाईचा खेळ खेळतात. खेळाबरोबर थट्टामस्करी आलीच. एके रात्री खेळातला एक सोबती जखमी होऊन पडला. दुसरा त्याला उठवायला धावला, तेव्हा तिसरा ओरडला, “अरे, रक्ताला हात लावू नकोस, एड्स होईल!” हशा पिकला आणि तेवढ्यावरून वाद पेटला. एकजण म्हणाला, डास चावला तरी होतो. दुसऱ्याचे मत, डासाने नाही, पण पाणीपुरीवाल्याचे बोट कापलेले असले तर नक्की होतो. तिसऱ्याने चित्रपटगृहाच्या खुर्चीत खोचून ठेवलेल्या सुईची गोष्ट सांगितली. चौथा म्हणाला, “हा रोग तसल्या लोकांचा. आपल्याला काय त्याचे?” येथपर्यंत सारे हसण्यावारी चालले होते. मग कोणीतरी आमच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या मावशींचे नाव घेतले. त्यांच्याविषयी म्हणे गावात काहीबाही बोलले जाते. मावशींना कामावरून काढावे असा अर्ज करण्याची भाषा त्याच रात्री सुरू झाली.

थट्टेतून निघालेला वाद एका बाईच्या पोटावर येऊ पाहत होता. म्हणून पुढचे काही दिवस मी ग्रंथालयात बसलो आणि शासकीय रुग्णालयातील समुपदेशकांनाही भेटलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

रोगाची थोडी ओळख

अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरातील पाच तरुणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाल्याचा अहवाल ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाला. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद होय. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी व ल्युक माँटान्ये यांनी विषाणूचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी उघडकीस आणली. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

एच. आय. व्ही. आणि एड्स हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते योग्य नाही. पहिले विषाणूचे नाव, तर दुसरे उपचाराअभावी पुढे येणाऱ्या अवस्थेचे. हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. उपचार न घेतल्यास त्या हळूहळू घटत जातात आणि एरवी सहज परतवता येणारे आजार जिवावर बेततात. ही अवस्था येण्यास बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. तोवर माणूस तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. चेहऱ्यावरून लागण ओळखता येते, ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

तीन प्रश्न

प्रसाराचा विचार करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला : द्रव कोणता? पुरेशा प्रमाणात विषाणू असतो तो रक्त, वीर्य, योनी व गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांत. घाम, अश्रू, थुंकी यांतून तो पसरत नाही. दुसरा : शरीरात शिरायला वाट आहे काय? अखंड त्वचा ही उत्तम तटबंदी आहे. वाट मिळते ती थेट रक्तात किंवा योनी, गुदमार्ग यांसारख्या नाजूक अंतस्त्वचेतून. तिसरा : मधल्या प्रवासात विषाणू टिकला काय? शरीराबाहेर तो फार दुबळा असतो. द्रव वाळू लागला की त्याची शक्ती झपाट्याने ओसरते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील तरच धोका संभवतो.

या कसोटीला उतरणाऱ्या वाटा चारच आहेत : लागण असलेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता केलेला शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांत वापरलेल्या सुया व सिरिंजा, आणि आईकडून बाळाला गर्भात, प्रसूतीत वा स्तनपानातून. चौथ्या वाटेविषयी एक दिलासा देणारी गोष्ट अशी की, उपचार नसताना शंभरांतील १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईला वेळीच औषधे मिळाली तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येते.

आता आमच्या वादातील विधाने याच कसोटीवर घासून पाहू.

डास चावताना आपल्या अंगात सोडतो ती स्वतःची लाळ. आधी प्यालेले रक्त नव्हे. पोटात गेलेल्या रक्तातील हा विषाणू डासात वाढत नाही, तर पचून नष्ट होतो. याहून सोपा पुरावा आपल्या डोळ्यांसमोरच आहे. डासांमुळे हा रोग पसरता, तर हिवतापाच्या गावांत लहान मुले आणि आजीआजोबा यांनाही तो तरुणांइतकाच झाला असता. तसे कोठेही आढळलेले नाही.

पाणीपुरीवाल्याचे बोट कापलेले असले तर तेथे स्वच्छतेचा प्रश्न जरूर आहे, परंतु तो या विषाणूचा नव्हे. हवा आणि जठरातील आम्ल यांपुढे तो टिकत नाही. स्वयंपाक करणाऱ्या वा वाढणाऱ्या व्यक्तीमुळे जेवणाऱ्याला लागण झाल्याची नोंद नाही. एक ताट, एक पेला, एक संडास, हस्तांदोलन, आलिंगन, खोकला, पोहण्याचा तलाव : यांपैकी कशानेही हा विषाणू पसरत नाही.

खुर्चीतल्या सुईची गोष्ट अनेक देशांत फिरली आहे. सिद्ध मात्र कोठेच झालेली नाही. रुग्णालयात लागण असलेल्या रुग्णाचे ताजे रक्त लागलेली सुई कर्मचाऱ्याला टोचली, तरी लागण होण्याचे प्रमाण हजारात सुमारे तीन एवढेच आहे. उलट ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू अशाच टोचणीतून हजारात तीनशेपर्यंत जणांना गाठू शकतो. याचा अर्थ सुईला भिऊ नये असा नाही. नशेसाठी एकच सिरिंज फिरवणे अत्यंत धोक्याचे, कारण तिच्या आत ओले रक्त शिल्लक राहते. जत्रेत गोंदवून घेतानाही नव्या सुईचा आग्रह धरावाच.

राहिले ‘तसले लोक’. विषाणू माणसाची जात, पेशा वा चारित्र्य पाहत नाही. आपल्या देशात असंख्य विवाहित स्त्रियांना लागण झाली ती स्वतःच्या पतीकडून. त्यांना निर्दोष म्हणून इतरांना दोषी ठरवावे असेही नाही. रोगाच्या संदर्भात दोष हा शब्दच गैरलागू आहे. ‘कसा होतो’ या प्रश्नाला ‘कोणाला होतो’ असे उत्तर देणारा मनुष्य स्वतःला सुरक्षित समजतो, आणि काळजी घेण्याचे सोडतो. यातला खरा धोका तोच होय.

मैदानावरील भीती

असा वाद केवळ अडाण्यांतच होतो असे कोणी समजू नये. अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने ७ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला लागण झाल्याचे जाहीर करून निवृत्ती पत्करली. १९९२ च्या फेब्रुवारीत तो तारांकित खेळाडूंच्या सामन्यात उतरला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. तरीही तो पुन्हा नियमित खेळू म्हणताच काही सहखेळाडूंनी उघड भीती बोलून दाखवली : धक्काबुक्कीत त्याला खरचटले, रक्त आले, तर आमचे काय? जॉन्सनने मोसम सुरू होण्यापूर्वीच माघार घेतली. १९९६ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर खेळण्याची ती धास्ती बरीच ओसरली होती. लागण जाहीर झाल्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ उपचारांच्या बळावर तो कार्यरत राहिला आहे.

आपल्याजवळचे उदाहरण याहून कठोर आहे. गोव्यातील डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेमाने रक्तदान करी. रक्ताच्या तपासणीत लागण आढळली, म्हणून १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापसा येथील क्षयरोग्यांसाठी असलेल्या जुन्या इमारतीत चौसष्ट दिवस एकटे ठेवले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती, एवढेच. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटकेनंतर डॉमिनिक इतर रुग्णांसाठी झटला आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. ज्याच्या जवळ बसल्याने कोणालाही काही होणार नव्हते, त्याला कोंडून समाजाने कोणते रक्षण साधले?

कायदा आणि औषध

पुढे चित्र पालटले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ या लागणीमुळे रोजगार नाकारता येणार नाही. २०१७ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. नोकरी, शिक्षण, निवारा यांत भेदभाव करणे, संमतीवाचून चाचणी करणे आणि एखाद्याची लागण परस्पर उघड करणे त्याने निषिद्ध ठरवले आहे.

खानावळ समितीच्या बैठकीत मी हीच माहिती सांगितली. काहीजण पटल्यामुळे गप्प बसले, काही नुसतेच गप्प बसले. अर्ज मात्र पुढे गेला नाही. मावशींविषयीची अफवा खरी की खोटी हे मी विचारले नाही. तो अधिकार मला नाही, आणि पोळीचा त्या प्रश्नाशी संबंधही नाही.

शासनाने १ एप्रिल २००४ पासून या रोगाची औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. त्यांचे सामर्थ्य किती, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासात, औषधे लवकर सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो असे दिसून आले. या अभ्यासाच्या केंद्रांत चेन्नईबरोबर आपले पुणेही होते. आज शास्त्र याही पुढे जाऊन सांगते : नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका खाली जाऊन तसाच राहिला आहे, त्याच्यापासून शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही होय. पण उपचारासाठी आधी चाचणी हवी, आणि ज्या समाजात चाचणीचा निकाल कळताच पोळीलाटणे हातातून काढून घेतले जाते, तेथे चाचणीला कोण जाईल? अफवा अशी विषाणूच्या मदतीला धावते.

विद्यार्थी-मित्रांनी काही गोष्टी मनात पक्क्या ठेवाव्यात. चाचणी शासकीय केंद्रांत विनामूल्य होते व गुप्त राखली जाते. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते. धोक्याचा प्रसंग घडलाच तर लाजेखातर वेळ दवडू नये; ७२ तासांच्या आत सुरू केलेली २८ दिवसांची औषधयोजना लागण टाळू शकते. शंका असल्यास १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

आपल्या महाविद्यालयात १ डिसेंबरला फेरी निघते, घोषणा होतात. ते चांगलेच आहे. त्याबरोबर ग्रंथालयाच्या दाराशी वर्षभर एक बंद पेटी ठेवावी, तीत कोणीही नाव न लिहिता प्रश्न टाकावा आणि दर महिन्याला जाणकार डॉक्टरांकडून त्याचे उत्तर फलकावर लावावे, अशी माझी प्राचार्यांना व प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. मुले थट्टा करतात ती पुष्कळदा विचारायला जागा नसते म्हणून. ती जागा आपण त्यांना करून द्यावी.