कापसावरची ताडपत्री: किती पैसे मोजायचे, काय बघायचं

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापूस न्यायचा तर ताडपत्रीचा हिशेब ओलाव्याशी मांडा. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, पुढे टक्क्याटक्क्याने कापते आणि 12 च्या वर गेलेला माल घेत नाही. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे एक टक्का 81 रुपयांचा. ट्रॉलीत 15 क्विंटल असले तर एका टक्क्यात 1,200 रुपये गेले. चांगली ताडपत्री तेवढ्यातच येते.

शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीला 18 बाय 15 फूट पुरते. एचडीपीईची 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) घ्या. दर साधारण साडेतीन ते साडेचार रुपये चौरस फूट, म्हणजे 950 ते 1,200 रुपये. 120 जीएसएमची बरीच स्वस्त पडते, पण ती बंडी झाकायला ठीक; ट्रॉलीवर वाऱ्याने फडफडून लवकर विरते. कॅनव्हास टिकतो खरा, पण भिजला की दोघांना उचलवत नाही आणि पैसेही कितीतरी जास्त.

जीएसएमच्या छापील आकड्यावर जाऊ नका, काट्यावर ठेवा. 18 बाय 15 ची खरी 200 जीएसएम ताडपत्री 5 किलोच्या आसपास भरते. साडेतीन भरली तर ती 140 ची आहे, दुकानदार काहीही म्हणो. दुकानातच उलगडून टेपही लावा, कारण कडा दुमडण्याआधीचं माप छापायची पद्धत आहे. आयएस 7903 चा शिक्का असला तर उत्तम.

लिलावात माल दाखवायला अर्धी ताडपत्री उघडावी लागते आणि अवकाळीचं वातावरण असलं की लगेच ओढावीही लागते. शिडाच्या होडीत पुढचं शीड नळीवर गुंडाळून हवं तेवढंच उघडं ठेवतात. तोच उपाय इथे चालतो. वाळलेला सरळ बांबू घ्या, पेरांचे कंगोरे घासा, ताडपत्रीची एक लांब कड आयलेटमधून दोरीने त्यावर बांधा. खिळे नकोत. दुसरी कड ट्रॉलीच्या हुकांना. दोन टोकांना दोघं उभे राहिले की ताडपत्री झटकन गुंडाळली जाते, घड्यांवर चिरतही नाही. खर्च बांबूचा आणि दोरीचा, फार तर दोनशे.

चिरलेली ताडपत्री मात्र कापसावर टाकूच नका. तिच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सुटून रुईत जातात, जिनिंगमध्ये त्या वेगळ्या काढता येत नाहीत आणि मालाची प्रत पडते. जुनी गोठ्यावर घाला.

दवात वेचलेला ओला कापूस झाकून ठेवला तर आत घाम सुटतो, रुईचा रंग पिवळा पडतो. आधी ऊन द्या, मग झाका.

खरेदीआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा. काही वर्षी ताडपत्रीला अनुदान असतं. अर्ज मंजूर होण्याआधीचं बिल बहुधा चालत नाही, आणि बिल पक्कंच लागतं.