मासिकांच्या संगणक नोंदी: खर्च कुठे होतो, कुठे वाचतो

पुस्तकाची नोंद एकदा झाली की ते काम संपते. मासिकाचे तसे नाही. त्याचा नवा अंक दर महिन्याला दारात हजर असतो. संगणकीकरणाचे कोटेशन मात्र ग्रंथसंख्येवर काढले जाते आणि नियतकालिकांच्या वाट्याला त्यात एकच ओळ येते: ‘सिरियल्स मोड्यूलसह’. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या तालुक्यांतील सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यवाहांनी आणि ग्रंथपालांनी त्या ओळीवर सही करण्यापूर्वी थोडा हिशेब मांडावा, एवढ्यासाठी हा लेख. पहिल्या वर्षीच्या बिलापेक्षा पुढची दहा वर्षे महत्त्वाची आहेत.

विचारणा सॉफ्टवेअरपासून सुरू होते, म्हणून आधी तेच. ‘कोहा’ मुक्त स्रोत प्रणाली आहे, तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ती २००० साली वापरात आली आणि आज जगभर चालते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ सरकारी ग्रंथालयांना मोफत आहे. महाविद्यालयांत गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’चे ‘सोल’ दिसते, तर पुण्यात तयार झालेले ‘स्लिम’ विकत घ्यावे लागते. मोफत म्हणजे फक्त परवाना मोफत, हे कार्यकारिणीच्या बैठकीत स्पष्ट सांगावे. लहान वाचनालयाला पुरेल असा क्लाउड सर्व्हर महिन्याला साधारण ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो. बसवणे, प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल यांची किमान तीन कोटेशने घ्या. बिल देणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के कर वर लागतो. आकडा करासह आहे की कराविना, हे लेखी विचारा.

हाती धरायचा बारकोड स्कॅनर दीड ते चार हजारांत, लेबल छापायचा प्रिंटर दहा ते पंधरा हजारांत येतो. प्रिंटर रिबन लागणाराच घ्या. रिबनशिवाय उष्णतेवर छापली जाणारी लेबले थोडी स्वस्त पडतात, पण उन्हात आणि उष्ण खोलीत ती काळवंडतात किंवा पुसट होतात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या गठ्ठ्यांवर त्यांचा भरवसा धरू नये.

आता मुख्य खर्चाकडे वळतो. तो चुकीच्या पद्धतीने लिहिलेल्या बोधांकाचा असतो. ग्रंथालयात सगळे त्याला कॉल नंबरच म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरतो. ‘अस्मितादर्श’चे उदाहरण घ्या. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून चालवलेले हे नियतकालिक जुन्या वाचनालयांच्या कपाटांत आढळते. त्याच्या एका अंकाचा कॉल नंबर एक जण ‘०५९ अस्मि व५ अं३’ असा टंकतो. पुढच्या अंकावर दुसरा लिहितो ‘०५९ अस्मी वर्ष ५ अंक ४’. तिसऱ्याचा कळफलक इंग्रजीवर असल्याने त्याचे आकडे इंग्रजी पडतात. वाचणाऱ्याला तिन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच या दोन वेगळ्या खुणा आहेत. कपाटाची यादी काढली की एकाच नियतकालिकाचे अंक तीन ठिकाणी विखुरलेले दिसतात. पाच वर्षांनी ते निस्तरायला माणूस लावावा लागतो आणि तो पैसे नोंदीमागे घेतो.

उपाय फुकट आहे. एका नियतकालिकाला एकच कॉल नंबर द्यावा: वर्गांक आणि नावाची पहिली अक्षरे, बस्स. वर्ष, अंक, महिना हे त्यात कोंबू नयेत. त्यांच्यासाठी प्रतीच्या नोंदीत स्वतंत्र रकाना असतो. कोहात वर्गणीची नोंद करतानाच कॉल नंबर एकदा भरता येतो, मग अंक आल्याची खूण केली की प्रतीच्या नोंदीत तो आपोआप उतरतो. पुढे वर्गांक बदलावासा वाटला तरी प्रतींच्या नोंदी एकगठ्ठा बदलता येतात. आकडे सगळीकडे इंग्रजीच ठेवा. मराठीच्या अभिमानाचा प्रश्न इथे नाही. नेहमीच्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये देवनागरी अक्षरे-आकडे मावतच नाहीत. नावे, लेखक, विषय मात्र बिनदिक्कत देवनागरीत असावेत.

दुसरा प्रश्न: प्रत्येक अंकाला स्वतंत्र प्रत-नोंद आणि बारकोड हवा का? ठेकेदार ‘हो’ म्हणेल, कारण त्याचे पैसे नोंदीवर ठरतात. समजा वाचनालयात ४० मासिके, ८ साप्ताहिके, ६ त्रैमासिके आणि १२० दिवाळी अंक येतात. वर्षाचे अंक झाले ४८० अधिक ४१६ अधिक २४ अधिक १२०, म्हणजे १,०४०. एका नोंदीला, लेबल चिकटवण्यासह, ३ मिनिटे धरली तर ५२ तास झाले. बाहेरून नोंदीमागे १० रुपयांनी काम करून घेतले तर १०,४०० रुपये, आणि तेही दरवर्षी.

आता निवड करून पाहू. साप्ताहिके वाचनकक्षात बसूनच वाचली जातात. त्यांच्यासाठी ‘अंक आला’ एवढी खूण पुरे. मासिकांपैकी घरी देता ती २५ असतील तर त्यांच्याच ३०० अंकांना बारकोड लावा. उरलेली १५ जपून ठेवायची असतील तर त्यांचे सहामाही खंड बांधा, त्रैमासिकांचे वार्षिक खंड बांधा आणि नोंद खंडाची करा. असे ३६ खंड होतात. दिवाळी अंकांवर वाचकांची झुंबड असते, तेव्हा १२० च्या १२० नोंदी हव्यातच. एकूण नोंदी झाल्या ४५६, वेळ सुमारे २३ तास, खर्च ४,५६० रुपये. वाचले ५,८४०. बाइंडिंगचा दर खंडामागे १५० रुपये धरला तर ३६ खंडांचे ५,४०० होतात, म्हणजे नको त्या नोंदींचे वाचलेले पैसे बाइंडिंगला पुरतात. दर तुमच्या बाइंडरला विचारून ताडून घ्या, पण गणित याच रीतीने मांडा. एक मात्र नक्की: मराठवाड्यात निघालेले नियतकालिक रद्दीत घालू नका. मुंबई-पुण्याच्या मासिकांचे जुने अंक दुसरीकडे कुठेतरी सापडतील, इथल्या लहान त्रैमासिकाचा सलग संच कदाचित तुमच्याकडेच असेल.

दिवाळी अंकांसाठी थोडी वेगळी तयारी लागते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली रीत तयार सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. अनेक मासिके ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक काढतात. प्रणाली बारा अंकांची वाट पाहते, येतात अकरा, आणि एक अंक कायम ‘उशिरा’ म्हणून लाल दिसत राहतो. प्रशिक्षणाच्या दिवशी जोडअंक समोर ठेवा आणि त्याची नोंद कशी करायची ते करून दाखवायला सांगा. ‘आवाज’सारखा केवळ दिवाळीत येणारा अंक वार्षिक म्हणून स्वतंत्र नोंदवा. ‘दिवाळी अंक’ हा वेगळा प्रकार तयार केला तर त्याचे भाडे आणि परतीची मुदतही वेगळी ठेवता येते, आणि दिवाळी अंक योजनेची वर्गणी कुणी भरली याची वही ठेवावी लागत नाही.

नाव बदलण्याच्या बाबतीत पैसे उगाच जातात. ‘अस्मितादर्श’ सुरुवातीला ‘अस्मिता’ होते. अशा ठिकाणी जुन्या नोंदीवर नवे नाव चढवायचे नसते. दोन नोंदी ठेवून ‘आधीचे नाव’ आणि ‘नंतरचे नाव’ या रकान्यांतून त्या जोडायच्या असतात. शहराच्या नावाचेही तेच. २०२३ पासूनच्या अंकांवर प्रकाशनस्थळ छत्रपती संभाजीनगर येईल, त्याआधीच्या अंकांवर औरंगाबाद छापले आहे आणि नोंदीतही तेच राहायला हवे. विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला, त्याआधीच्या प्रकाशनांवर मराठवाडा विद्यापीठ हेच नाव आहे. जुन्या नोंदी सरसकट बदलून देण्याचे कोटेशन कुणी दिले तर ते नाकारा. जो अभ्यासक छापील अंक हातात धरून शोध घेतो, त्याला मुखपृष्ठावरचे नाव सापडले पाहिजे.

मनुष्यबळासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालय आणि माहितीशास्त्र विभागाकडे विचारणा करावी; विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा असतो. त्यांना मानधन द्या. जुन्या अंकांच्या नोंदीसाठी वर्ष आणि अंक वाचून समजणारा माणूस लागतो, नुसता टंकलेखक चालत नाही.

करारात तीन गोष्टी लेखी हव्यात. आपल्या सगळ्या नोंदी प्रमाणित मार्क स्वरूपात, जादा आकार न घेता, केव्हाही मिळतील. बॅकअपची एक प्रत दर आठवड्याला वाचनालयाच्या ताब्यात येईल. आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतरच दिला जाईल. चाचणी साधी ठेवा: कपाटातून कोणतेही दहा अंक काढा, त्यांची नावे-वर्षे कागदावर लिहा आणि काम करणाऱ्याला ते पडद्यावर शोधायला सांगा. मग उलट करा: पडद्यावरच्या दहा नोंदी निवडा आणि शिपायाला ते अंक कपाटातून आणायला पाठवा. वीसपैकी जितके सापडणार नाहीत तितक्या चुका दुरुस्त होईपर्यंत धनादेशावर सही करू नका.