कणकेत उमटलेली मूठ

यंदा दिवे घाटात पालखी चढत असताना माझ्या हातातून कॅमेरा निसटला. मनगटात दोरी होती म्हणून वाचला. सोनीचा आरएक्स१००, २०१२ साली आलेलं पहिलं मॉडेल, मी जुना विकत घेतलेला. खिशात मावतो, फोटो फार सुंदर येतात, पण पुढची बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. पकडायला काहीच नाही. अशा कॅमेऱ्यांना वरून लावायच्या ग्रिप मिळतात हे ऐकून होते. कोणती घ्यावी, हे विचारायला रविवारी सकाळी मामाकडे गेले. मामाने चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं आणि तितकीच वर्षं फोटो काढले. दोन वस्तू एकमेकींत कशा बसतात, हा त्याचा जन्माचा विषय.

मामा : आधी धरून दाखव. बोलू नको, नुसता धर. फोटो काढताना धरतेस तसा.

मी : हा असा.

मामा : तुझी नखं बघ. टोकाला पांढरी पडलीत. तू कॅमेरा धरत नाहीयेस, चिमटीत दाबते आहेस.

मी : दाबला नाही तर सुटेल ना!

मामा : तेच तर दुखणं आहे. हिशेब करू. बॅटरी आणि कार्ड धरून या कॅमेऱ्याचं वजन २४० ग्रॅम. चिमटीतली वस्तू फक्त घर्षणावर थांबते, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटं. गुळगुळीत धातूवर घामाचा हात, तर घर्षणांक ०.३ धरू. म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ४०० ग्रॅमचा दाब द्यावा लागला. वस्तूच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त! तेच पुढे रबर असेल आणि घर्षणांक ०.८ झाला, तर दाब येतो १५० ग्रॅमवर. आणि हा झाला सोपा हिशेब. भिंग एका अंगाला असल्यामुळे कॅमेरा हातात फिरायलाही बघतो, त्याला आवरायचा दाब वेगळाच.

मी : चारशे ग्रॅम म्हणजे काही फार नाही, मामा.

मामा : एका फोटोला नाही. घाटात तू किती वेळ उभी होतीस? चार तास? शिवाय नुसत्या थकव्याचा प्रश्न नाही. तुझी तर्जनी काय करते आहे बघ. तीही दाबायच्या कामाला लागली आहे. तिचं काम शटर दाबण्याचं. धरणारं बोटच जेव्हा शटर दाबायला जातं, तेव्हा नेमक्या त्याच क्षणी पकड बदलते आणि कॅमेरा हलतो. संध्याकाळचे तुझे फोटो हलतात, असं तू मागे म्हणाली होतीस.

मी : मला वाटायचं, माझाच हात स्थिर नाही.

मामा : हाताला दोष देऊ नकोस. हाताला कामं चुकीची वाटून दिली आहेत. चांगली ग्रिप मूठ घट्ट करत नाही, मूठ सैल करायची मुभा देते. मधलं बोट आणि अनामिका धरतील, अंगठा मागून टेकेल, करंगळी तळाखाली जाईल आणि तर्जनी पूर्ण मोकळी राहील. एवढं साधलं की ग्रिप जमली.

मी : पण जुने कॅमेरे पण सपाटच होते की. आजोबांच्या कॅमेऱ्याला कुठे ग्रिप होती?

मामा : छान विचारलंस. १९२५ ची लायका घे, पुढची बाजू सपाट. फक्त अंगावर खरबरीत व्हल्कनाइट चढवलेलं, म्हणजे घर्षण वाढवायची सोय तेव्हाही होती. पण तो कॅमेरा माणूस डोळ्याला लावायचा. दोन हात आणि तिसरा आधार कपाळाचा. पुढे वजनं वाढली, मोटारी आणि बॅटऱ्या आल्या, तशी पुढे मूठ आली. कॅननच्या १९७८ च्या ए-१ ला पुढची बोटांची पकड पेच फिरवून काढता-लावता यायची. १९८६ च्या टी९० मध्ये तर सगळी बॉडीच हाताच्या वळणाने घडवली, लुइजी कोलानी नावाच्या डिझायनरची मदत घेऊन. आता तुझा कॅमेरा बघ. याला डोळा लावायची खिडकीच नाही. तू तो हात लांब करून, पडद्याकडे बघत धरतेस. कपाळाचा आधार गेला, कोपरं छातीपासून सुटली, दुसरा हात पण पुष्कळदा नसतो. आकार लहान झाला, वजन कमी झालं, पण आधार त्याहून जास्त कमी झाले. म्हणून लहान कॅमेऱ्याला ग्रिप जास्त लागते. लोकांना वाटतं उलटं.

मी : मग कोणती घेऊ? एक चिकटवायची असते, एक खालून स्क्रूने बसते, आणि फ्लॅशच्या खाचेत बसणारा अंगठ्याचा आधार पण पाहिला मी.

मामा : अंगठ्याचा आधार सोड. तुझ्या मॉडेलला वर फ्लॅशची खाच नाही. चामड्याचं अर्धं कव्हर पण सोड. पावसात ते भिजतं आणि आत ओल धरून ठेवतं. राहिल्या दोन. खालच्या पट्टीचं आधी सांगतो, कारण तिथे लोक कॅमेऱ्याचं नुकसान करून घेतात. ट्रायपॉडसाठी खाली जे भोक असतं, ते पाव इंची, इंचाला २० आटे. तुझ्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे सहा एमएमचा बोल्ट मिळतो. दिसायला तसाच. त्याची जाडी ६, याची ६.३५. त्याचा आटा १ मिलिमीटरचा, याचा १.२७ चा. तो आत जातो, दोन फेऱ्या फिरतो, मग अडकतो. माणूस जोर लावतो आणि भोकातले आटे खलास.

मी : आणि पाव इंचीच मागितला तर?

मामा : तर लांबी बघायची. सोनी आपल्या पुस्तिकेत सांगते की स्क्रू ५.५ मिलिमीटरपेक्षा कमी लांबीचा हवा. लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो, पट्टी ढिलीच राहते, आणि पिळत गेलीस तर आतलं काहीतरी फुटतं. हे पट्टीची जाडी वजा करून मोजायचं हं, कॅमेऱ्यात प्रत्यक्ष किती जातो ते. शिवाय पट्टीमुळे बॅटरीचं झाकण झाकलं जातं का, तेही बघायचं. दर वेळी बॅटरी काढायला पेच सोडावा लागला, तर आठव्या दिवशी तू पट्टी ड्रॉवरमध्ये टाकशील.

मी : म्हणजे पट्टी वाईटच?

मामा : नाही, नाही. फुजीफिल्मचा पहिला एक्स१०० घे. तो साधारण ४४५ ग्रॅमचा. त्याला पट्टीची ग्रिप शोभते. करंगळीला जागा मिळते, आणि पट्टीच्या कडा आर्का-स्विस घाटाच्या असतील तर ती थेट ट्रायपॉडवर सरकवता येते. पण तुझा कॅमेरा खिशातला आहे. खाली पट्टी लावलीस की तो खिशातला राहत नाही. आणि खिशात नसलेला लहान कॅमेरा कशाला बाळगायचा? तुला चिकटवायचीच हवी.

मी : सोनीची स्वतःची आहे, एजी-आर२. तीच मागवून टाकते.

मामा : मागव, चांगली आहे. पण त्याआधी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आण.

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. पण मामीने भिजवून ठेवलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा मामाने खरंच मागून घेतला. कॅमेऱ्याला पोळ्या गुंडाळायची पातळ प्लास्टिकची फिल्म दोनदा गुंडाळली आणि बोटं टेकतात तिथे गोळा चिकटवला.

मामा : आता डोळे मिटून धर. दाबायचा नाही. हात खाली सोड, कॅमेरा मांडीशी लोंबू दे, मग वर आण. असं पाच-सहा वेळा कर. शाडूनेही जमतं, आणि आता गणपतीचे दिवस जवळ आलेत, शाडू मिळेल. पण कणीक घरात असतेच.

मी : अरे! बोटांच्या खळग्या सरळ नाहीत, तिरक्या आहेत.

मामा : वर भिंगाकडे कललेल्या. प्रत्येकाचा कल वेगळा. आणि आणखी बघ, तुझ्या मधल्या बोटाचं टोक भिंगाच्या कड्याला घासतंय. ते कडं तू फिरवतेस ना? बोट तिथे अडकलं तर कडं फिरणार नाही. म्हणजे ग्रिप भिंगापासून लांब सरकवायची, तुझ्या बोटाचं पेर मावेल एवढी फट ठेवून. विकतची ग्रिप मोठ्या हातासाठी असेल, तर तुझी बोटं उंचवटा ओलांडून फार पुढे जाणार नाहीत. लहान असेल तर टोकं कड्यावर आपटणार. हे दुकानात कळत नाही. कणकेत कळतं.

मी : उंची किती ठेवायची?

मामा : हा खरा नाजूक मुद्दा. कॅमेरा टेबलावर उताणा ठेव. भिंगाचं कडं बॉडीच्या पुढे आलेलंच आहे. त्या कड्याच्या पातळीपर्यंत ग्रिप उंच केलीस तर खिशात जायला काहीही फरक पडत नाही, कारण खिसा आधीच कड्याएवढा ताणलेला असतो. त्याच्या वर एक मिलिमीटर गेलीस की खिशाला टोचायला लागेल. तेवढी उंची फुकटची आहे, ती सगळी वापर. फक्त चिकटपट्टीची जाडी त्यातून वजा कर.

मी : आणि विकतची बसली नाही तर?

मामा : तर तिला बसवायची. कठीण प्लास्टिकची असेल तर कानस आणि पॉलिश पेपर. रबरी असेल तर धारदार ब्लेड, कानशीने रबर नुसतं फाटतं. मी मात्र एम-सीलची करतो. दोन्ही भाग सारखे घे, रंग एकजीव होईपर्यंत मळ, हातमोजे घालून. फिल्म गुंडाळलेल्या कॅमेऱ्यावरच कणकेच्या जागी लाव आणि तसाच हलका हात दे. फिल्मशिवाय कधीच नाही! ते कॅमेऱ्याला धरलं की संपलं. तासाभरात घट्ट व्हायला लागेल, पण घासकाम दुसऱ्या दिवशी. ओला पॉलिश पेपर वापर, म्हणजे धूळ नाकात जात नाही. आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००.

मी : कॅमेऱ्याला टेकणारी बाजू पण घासायची?

मामा : तीच सगळ्यात महत्त्वाची. फिल्मच्या सुरकुत्या तिथे उमटलेल्या असतात. सपाट काचेवर पॉलिश पेपर पसर आणि ग्रिप त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरव. आम्ही टूलरूममध्ये असंच करायचो. सगळीकडे सारखी चमक आली की पृष्ठभाग सपाट झाला. इथे घाई केलीस तर चिकटपट्टी चार ठिकाणी धरेल आणि सहा ठिकाणी हवा राहील. वरच्या अंगाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फेव्हीबाँडने चिकटव. ओल्या हाताला त्याच्याइतकी पकड मी दुसऱ्या कशाची पाहिली नाही.

मी : आणि कॅमेऱ्याला फेव्हीक्विक?

मामा : अजिबात नाही. एक तर ते ठिसूळ, धक्क्याने सुटतं. दुसरं म्हणजे सुकताना त्याची वाफ निघते आणि आजूबाजूला पांढरट थर बसतो. भिंगाशेजारी असलं काही नको. थ्रीएमची व्हीएचबी नावाची दुहेरी चिकटपट्टी घे. ती ॲक्रिलिक फोमची असते, किंचित दबते, म्हणून धक्का सोसते. कॅमेऱ्याची बाजू आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडं पाणी घालून कापडाने पूस. हाताचं तेल राहिलं तर कुठलीच पट्टी धरत नाही. लावण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापून जागा ठरव. फोकसचा दिवा झाकला जात नाही ना, बॅटरीचं झाकण पूर्ण उघडतं ना, अंगठा मागच्या व्हिडिओच्या बटणावर जात नाही ना. सगळं बघून मगच कागद सोल. एकदा टेकवलीस की सरकवता येत नाही. मग जोराने दाब, मिनिटभर.

मी : आणि लगेच वापरायला घेतला तर?

मामा : ही पट्टी वीस मिनिटांत निम्मी ताकद धरते, दिवसभरात नव्वद टक्के, आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास.

मी : पुढे कधी काढावीशी वाटली तर? कॅमेरा खराब नाही ना होणार?

मामा : हेअर ड्रायरने कोमट कर, कडेने दात साफ करायचा दोरा घाल आणि करवतीसारखा मागेपुढे ओढ. फोम कापला जातो. उरलेला चिकटा अंगठ्याने चोळला की गोळ्या होऊन निघतो. चाकू, स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही.

त्या रविवारी मी एजी-आर२ मागवली नाही. मामाच्या बाल्कनीत बसून एम-सील मळलं, दुसऱ्या रविवारी जाऊन घासलं, तिसऱ्या रविवारी सकाळी ट्यूब चिकटवली आणि ग्रिप कॅमेऱ्याला लावली. मधल्या बोटाची खळगी मी एकदा जास्त खोल केली, मग नवा थर देऊन पुन्हा भरली. बुधवारी सकाळी ७२ तास पूर्ण झाले. पलंगावर गादी दुमडून ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा फक्त दोन बोटांवर तोलून धरला, मधलं बोट आणि अनामिका, अंगठा नुसता टेकलेला. तर्जनी हवेत हलवून पाहिली. कॅमेरा हलला नाही. नखं गुलाबी होती. मामाला फोन केला, तर तो म्हणाला, मनगटातली दोरी मात्र काढू नकोस.